बोलता येईल इतक्या वेगाने

बूट नव्हते. दारामागच्या फळीवर हेमकांतच्या चपला होत्या, सासूबाईंच्या देवळात जायच्या चपला होत्या, एक मोडकी छत्री होती, आणि माझ्या बुटांच्या जागी बुटांच्याच आकाराची स्वच्छ जागा होती. भोवती धूळ. म्हणजे कुणीतरी नुकतेच उचलले होते. मी फळीखाली पाहिलं, वाकून नाही, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत खाली बसून, जसं शिकवलंय तसं. सातव्या महिन्यात वस्तू शोधणं हाही व्यायामच. स्वयंपाकघरात मंगलाबाई, माझ्या सासूबाई, सुपात गहू घेऊन बसल्या होत्या. श्रावणातला रविवार, कानबाई देवी घरी बसवायचा दिवस; उद्या तिचं विसर्जन. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडून झाले की मोजायचे, मग धुतलेल्या चक्कीवर दळायला पाठवायचे. "आई, मन्हा बूट?" त्यांनी मान वर केली नाही. "माले काय माहीत वं? मी काय बूट घालस का?" आणि सुपातला एक खडा उचलून खिडकीतून भिरकावत, जणू त्या खड्याशीच बोलावं तसं म्हणाल्या, "आज घरमा बठ. उद्या बाई गयी का तुन्ही खाट मधली खोलीमा टाकी देसूत. बाळंतपण व्हवालोंग उठानं नही. पुरं व्हयनं तुन्हं फिरणं." मधली खोली. मी त्या शब्दाकडे पाहिलं. त्याला खिडकी एकच आहे. मग मी पदर खोचला आणि अनवाणी निघाले.

ऐक. मी तुझ्याशी बोलते आहे ते लाडाने नाही, नियम म्हणून. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं तर फार जोरात चालताय, हळू व्हा. आणि आरामात गाणं म्हणता येत असेल तर फार हळू चालताय, त्याला चालणं म्हणत नाहीत. या दोन्हींच्या मधे राहायचं. म्हणून मी बोलते. आधी मनातल्या मनात बोलायचे, पण मनात माणसाला श्वास न घेताही बोलता येतं, ती फसवणूक झाली. म्हणून आता ओठ हलवून, आवाज काढून बोलते. कॉलनीत बायका म्हणतात, हेमकांतनी बायको येडी व्हयी गयी, एकलीच बडबड करस. म्हणू देत. कॉलनी साखर कारखान्याची आहे, पावसाळ्यात कारखाना बंद असतो, धुराड्यातून धूर नसतो, यंत्रं उघडून ठेवलेली असतात आणि लोकांना बघायला दुसरं काही नसतं. मी आहे. बघा. डांबर ओलं आहे, तळव्यांना खडी टोचते, उत्तरेला सातपुड्याची रेघ ढगाने अर्धी पुसली आहे. हे सगळं मी एका दमात सांगितलं ना? मग ठीक आहे. पोटात तूही ठीक आहेस.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर गोंधळशील. माझ्या बोलण्यात दोन बाया येतात. चालते ती मी. खाटेवर पडलेली असते तिला मी 'ती' म्हणते. दोघींचं नाव रुचिका, दोघींचा नवरा हेमकांत, दोघींच्या उजव्या गुडघ्यावर खो-खोच्या मैदानात पडलेला एकच व्रण. तरी ती मी नाही. मी तिला माझ्यात घेत नाही, अजून तरी नाही.

दोन श्रावणांपूर्वी ती मधल्या खोलीत होती. तिला काहीही झालं नव्हतं. म्हणूनच झोपवलं होतं, काही होऊ नये म्हणून. शाळेत खेळ शिकवणारी, स्वतः राज्यापर्यंत खो-खो खेळलेली सून, तिच्या पोटात गर्भ स्थिरच राहणार नाही असं ज्याला त्याला वाटत होतं. जणू तिच्या आत एक मैदान आहे आणि तिथे कायम कुणीतरी पळतं आहे. तिसऱ्या महिन्यात नोकरी सुटली, चौथ्यात जिना सुटला, पाचव्यात अंगण. आंघोळीला उठायचं, जेवायला उठायचं, परत. डिंकाचे लाडू, खोबऱ्याचे लाडू, वाटीभर तूप. "दोनसाठे खाय." ती खायची, कारण खाणं एवढी एकच हालचाल तिला ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्या बायका तिच्या गालांना हात लावून म्हणायच्या, देखा, कशी भरी ऱ्हायनी. तिच्या मांड्या, पंधरा वर्षं रोज पहाटे घासून घासून केलेल्या मांड्या, सैल होत गेल्या, भिजत पडलेल्या दोरासारख्या. तहान लागायची. उशाशी माठच आणून ठेवला होता. खो-खोत बसलेला खेळाडू बसलेला नसतो, हे ती मुलींना शिकवायची. टाचा उचललेल्या असतात, बोटं मातीत रुतलेली असतात, तो फक्त पाठीवर थाप पडायची वाट पाहत असतो. ती वाट पाहत राहिली. थाप देणारा कुणी आला नाही. पंख्याची पाती मोजायला गेलं की ती फिरायला लागायची.

हेमकांत कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. उसाच्या रसात साखर किती हे तो काचेच्या नळीतून बघून सांगतो. हंगामात संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला गोड, किंचित आंबूस वास असायचा, तो खाटेच्या कडेला बसून तिचा सुजलेला पाय मांडीवर घ्यायचा आणि खुशीत म्हणायचा, "आज साखरेचा उतारा चांगला मिळाला." सबंध तालुक्याच्या उसातली साखर मोजून तो घरी यायचा. तिच्या रक्तातली कुणी मोजली नाही. मोजणार होते. ग्लुकोजचं पाणी पिऊन दवाखान्यात बसायचं, मग सुई, एवढंच होतं. पण ती तारीख रोटांच्या दिवसांत आली. रोट संपेपर्यंत घरच्याशिवाय दुसरं काही तोंडात घालायचं नाही असं धनुबाईंनी सांगितलं. धनुबाई म्हणजे चुलत सासूबाई, भाऊबंदांत कानबाईचं सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. मग म्हणे पुढच्या खेपेला करू. पुढच्या खेपेला पाऊस. त्याच्या पुढच्या खेपेला, इतकी छान भरली आहे, कशाला टोचायचं. ज्या दिवशी मोजली त्या दिवशी डॉक्टरांनी आकडा बघून चष्मा काढला. फार उशीर झाला होता.

डिसेंबरात तुझी बहीण आली. गाळप जोरात होतं, दवाखान्याच्या खिडकीतूनसुद्धा मळीचा वास येत होता. खांदा अडकला होता. बाहेर आली तेव्हा वजन ऐकून सगळे हरखले. मुलगी असूनही हरखले, इतकं वजन होतं. मंगलाबाईंनी जिलबी वाटली. "पैलवान शे, पैलवान!" आमच्याकडे वजनालाच तब्येत म्हणतात, उसाच्या गाडीला म्हणावं तसं. कुणी बघितलं नाही की पैलवानाचे हात थरथरताहेत, ओठ निळसर होताहेत, तिला चोखायचं त्राण नाही. आत असताना ती तिच्या आईच्या साखरेवर पोसली, बाहेर येताच ती धार तुटली आणि तिची स्वतःची साखर विहिरीत दगड जावा तशी खाली गेली. काचेची पेटी. नळ्या. शेजारच्या पेटीत मुठीएवढं एक बाळ होतं. नर्सने दोघींना शेजारी बघून म्हटलं, एक हत्ती, एक चिमणी, आणि दोन्ही इथेच. पाचवीचा पाटा मांडायचा राहून गेला. ती त्याच्या आधीच गेली.

डॉक्टर म्हणाले, साखर. घर म्हणालं, खो-खो.

अजूनही म्हणतं. इतकी वर्षं उड्या मारल्या, आतलं सगळं हललं असेल. पायाला भिंगरी बांधून जन्मलेली पोर, एका जागी राहील का. ती खाटेवर पडून होती, महिनोन्महिने पडून होती, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं. तरी दोष पळण्याचा. मी हा दोष घेतलेला नाही. दारात आणून ठेवलाय त्यांनी, रोज त्याला ओलांडून चालायला जाते.

थांब, आता पाटचारीचा चढ. बोलते. हळू. पपईचे मळे. डावीकडे. केळी. पाण्याचा आवाज. वाक्य तु

टतंय. थांबले. एक हात झाडाला. श्वास. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलंय, चक्कर आली, रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट दगडासारखं आवळायला लागलं, तर चालणं तिथेच सोडून थेट माझ्याकडे. हट्ट करायचा नाही. मी त्यांना विचारलं होतं, मग चाललं की सगळं नीट होईल ना? त्या म्हणाल्या, "हमी मी देत नाही. साखर ताब्यात राहायला मदत होईल, तुझं अंग बाळंतपणाला तयार राहील, बाळ बेताच्या वजनाचं व्हायची शक्यता वाढेल. शक्यता." मला हा शब्द आवडला. घरात आजवर मला कुणी शक्यता दिली नव्हती, सगळ्यांनी खात्रीच दिली होती. चल. आता उतार आहे.

त्या शेजारच्या पेटीतल्या चिमणीची आई रूपलीबाई. काठी गावाच्या बाजूची, डोंगरातली, ऊसतोडीला आलेली. कळा येईपर्यंत ती मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवत होती. दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी बसायचो. मी नव्हे, ती. रूपलीबाईला शाळेपुरतं मराठी येत होतं. एकदा तिने आपल्या पोरीकडे, मग शेजारच्या पेटीतल्या पोरीकडे बघून विचारलं, "तुला काम नाय होतं का?" "नाही." "मग पूर्ण दिवस काय करायची?" "झोपायचे." रूपलीबाई तोंडाला पदर लावून हसली, वाईट नाही, खरंच नवल वाटून. "मला बसायलाच नाय मिळालं," ती म्हणाली. तिची पोरगी जगली. पाठीला बांधून घेऊन गेली. आता लोक मला सांगतात, त्या बाया बघ, आठवा-नववा महिना मोळ्या उचलतात, काही होतं का त्यांना? होतं. मुठीएवढी बाळं होतात, ते तुम्ही बघायला जात नाही. आणि तेच लोक वळून म्हणतात, तू मात्र हलू नकोस. तिला थांबता येत नव्हतं, हिला हलता येत नव्हतं. मला दोन्ही नको. मला माझ्या पायांनी, माझ्या दमाने, पोटभर जेवून, कुणाचं ओझं डोक्यावर न घेता चालायचंय. हे एवढं मोठं मागणं आहे हे मला बूट हरवेपर्यंत कळलं नव्हतं.

घरी आले तर ओसरीवर गहू मोजायला घेतले होते. पांढरं कापड, त्यावर ढीग, समोर धनुबाई पाटावर. आमच्यात रोटांचे गहू असे मोजतात की घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी. "पितांबरनी," धनुबाईंनी सासऱ्यांची मूठ काढली, वर पाव मूठ. "हेमकांतनी. ललितनी." ललित माझा दीर, तो सुरतेला असतो, तरी त्याची मूठ इथे पडते. बायकांची पडत नाही. मंगलाबाई चाळीस वर्षं या घराचे रोट लाटतात, त्यांचा एक दाणाही त्यात नसतो. मग धनुबाईंनी माझ्या पायांकडे, चिखलाच्या अनवाणी पायांकडे, आणि मग पोटाकडे पाहिलं. "आनी पोटमानी. आंडोर व्हई, देखजो." सव्वा मूठ कापडावर पडली. मुलगा होईल या आशेवर पोटातल्याचीही मोजतात. दोन श्रावणांपूर्वीही मोजली होती, ती मधल्या खोलीत पडून दाण्यांचा आवाज ऐकत होती. नेमक्या त्याच वेळी तू आतून कमरेपाशी मारलंस. पाठीत थाप पडावी तसं.

"मागे तिन्हीबी काढेल व्हती," मी म्हटलं.

"कोन्ही?"

"मन्ही आंडेरनी. पोटमा व्हती तवय ती आंडोर व्हती, तिन्ही मूठ व्हती. भाईर उनी आनी मूठ बंद?"

धनुबाईंनी मंगलाबाईंकडे पाहिलं, मंगलाबाईंनी गव्हांकडे. "गयेल जीवनं नाव रोटमा काढतंस का वं?" धनुबाई म्हणाल्या. मी पुन्हा तशीच, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत खाली बसले आणि ढिगात हात घातला. गहू थंड होते. एक मूठ कापडावर टाकली. "हाई तिन्ही." दुसरी टाकली. "हाई मन्ही." तिसरी. "हाई आईनी." आणि पोटावर हात ठेवून म्हटलं, "आनी आठे जे शे, ते आंडोर शे म्हणीसन नही, शे म्हणीसन."

"बाईन्या मुठी नही ऱ्हातीस!" धनुबाईंचा आवाज चढला. "देवीना कामना नियम शे."

"काकी, कानबाई बाई शे का बुवा?"

ओसरीच्या टोकाला सासरे पेपर वाचत होते, त्यांना ठसका लागला. मला वाटलं आता मंगलाबाई कापड उचलून झटकतील. त्यांनी हात पुढे केला. त्यांची बोटं मिरच्या खुडून खुडून कायमची वाकलेली आहेत. त्यांनी माझ्या तीन मुठींकडे बघितलं. मग चिमटीत चिमटीत गहू घेऊन त्या तिन्हींवर थोडे थोडे टाकले. "नुसती मूठ चालस नही," त्या रागानेच म्हणाल्या. "सव्वा लागस."

मी जिंकले असं वाटलं तुला? नाही. गहू दळायला गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "खाट तं पडीच." खाट पडणारच. त्या भिंतीला टेकून बसल्या, दुखरे गुडघे लांब करून. "हेमकांत पोटमा व्हता, मी मिरचीना वावरमा निंदी ऱ्हायंती. कळा लागन्यात तं बांधवर बठनू, सासू बोलनी, नाटकं करस. पाचवी व्हयनी ना व्हयनी, परत वावरमा. तवयच ठरायेल व्हतं, मन्ही वहू खाटवर बठीसन खाई. माले खाट कोनी दिन्ही नही. मी तुले दी ऱ्हायनी." त्यांचे डोळे कोरडे होते. मला ठाऊक नव्हतं हे. म्हणजे मिरचीचं ठाऊक होतं, ठरवलेलं ठाऊक नव्हतं. ती मधली खोली शिक्षा नव्हती तर. ती भेट होती, तीस वर्षं जपून ठेवलेली. छळाला नाही म्हणणं सोपं असतं. भेट परत कशी करायची? मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा गुडघा दाबत म्हटलं, "आई, तुम्हले आराम नही मिळना. माले आरामशिवाय दुसरं काय नही मिळनं. आपले दोन्हीसले तेच भोवनं." त्यांनी गुडघा काढून घेतला नाही. पण म्हणाल्या, "आनी यंदा काही व्हयनं तं? लोके कोन्हा नाव लेतीन? मन्हं. सूनले मोकळी सोडी म्हणतीन."

यंदा काही झालं तर. हे वाक्य घरात सगळ्या खोल्यांतून फिरतं, माझ्या ताटात बसतं. मी घाबरत नाही असं समजू नकोस. रोज घाबरते. चालताना घाबरते, थांबले की जास्त घाबरते. बोट टोचून साखर बघते तेव्हा यंत्रावर आकडा उमटेपर्यंत जो क्षण असतो त्यात मी तीच असते, खाटेवरची, माठाकडे बघणारी. आकडा बरा आला की मी होते. तुझ्या बहिणीचा चेहरा मला नीट आठवत नाही, काचेतूनच पाहिला. काचेवर माझाच चेहरा होता. यंदा काही झालं तर ते माझ्या चालण्यावर लिहितील हे मला आजच माहीत आहे. तरी चालते. कारण मागच्या वेळी काहीच न करता जे झालं ते त्यांनी कशावर लिहिलं? चालण्यावरच. मग निदान चाललेलं तरी असू दे.

हेमकांतला जेवताना विचारलं, "बूट कुठे आहेत?" तो वरणात बोट फिरवत म्हणाला, "आईला विचार." मग म्हणाला, "उद्या मी कार काढतो. विसर्जनाला तू कारमध्ये बस. नदी लांब आहे." तो वाईट नाही. मोजून सिद्ध झालेल्या गोष्टींवर त्याचा विश्वास आहे, आणि मी त्याच्या नळीत मावत नाही.

सोमवारी सकाळी कानबाई उठली. नारळाचा मुखवटा, नथ, नवं लुगडं, कण्हेरीची फुलं. धनुबाईंच्या सुनेने देवीचा पाट डोक्यावर घेतला, डफ वाजू लागले, गल्ली बायकांनी भरली. फाटकाशी हेमकांत कारचं मागचं दार उघडून उभा होता. मी उंबऱ्यावर आले आणि सवयीने फळीकडे पाहिलं, बुटांच्या रिकाम्या जागेकडे, मग बाहेर, बायकांच्या पायांकडे. मला हसू आलं. जोडवी, मेंदी, भेगा, चिखल. कानबाईला पोचवायला कुणी पायात घालून जात नाही. आज कुणाच्याच पायात काही नव्हतं. बूट लपवून त्यांनी मला कुठे ठेवलं होतं? सगळ्या जणींत.

"बठ," मंगलाबाई म्हणाल्या, सगळ्यांसमोर, कारकडे बोट करून.

"तुम्ही बठा आई. गुडघा तुम्हना दुखस."

"पोटवाली पायी चालनी आनी सासू मोटारमा?" धनुबाई कडाडल्या. "कलियुग शे वं माय!"

मंगलाबाईंनी उघड्या दाराकडे पाहिलं. आतली गादी मऊ होती, पंखा चालू होता. कुणी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी दार उघडलं असावं असं त्या बघत होत्या, आणि उघडलं तेही त्यांच्यासाठी नव्हतं. मग त्यांनी पदर खोचला. "कोनी बठस नही," त्या धनुबाईंना म्हणाल्या. "मन्ही वहू शे, मी तिन्हा संगे शे. दम लागना तं मी देखसु." आणि मला, खालच्या आवाजात, "दम लागना तं सांगजो. लपाडू नको."

अशा आम्ही निघालो. पुढे देवी, मागे बायका, बायकांच्या मागे रिकामी कार, पहिल्या गिअरमध्ये, घुंईऽऽ करत. दर थोड्या वेळाने हेमकांत काचेतून डोकं काढून विचारायचा, "ठीक आहेस?" मी उत्तर म्हणून एक लांबलचक वाक्य बोलायचे, मुद्दाम, पूर्णविरामापर्यंत. एका वळणावर बायका फुगडीला थांबल्या. मी फुगडी घातली नाही, ते माझं काम नव्हतं. उभ्या उभ्या टाचा वर-खाली करत राहिले. हेमकांतने पूजेची पाटी काढायला डिकी उघडली. स्टेपनीच्या बाजूला, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कागद फाटला होता आणि निळी नाडी बाहेर लोंबत होती.

मी नाडीकडे पाहिलं. तो माझ्याकडे. मला वाटत होतं आई. आईंनी फक्त, मी काय बूट घालस का, एवढंच म्हटलं होतं, आणि ते खरं होतं.

"मला भीती वाटते रुचिका," तो म्हणाला. डफाच्या आवाजात त्याला ओरडून म्हणावं लागलं. भीती ओरडून सांगणारा माणूस किती एकटा दिसतो.

"मलाही वाटते," मी ओरडले. "चाल."

त्याने कार कडेला लावली. किल्ली काढली. चपला काढून आत टाकल्या. काय करावं न सुचून बूट हातात घेतले आणि माझ्यापुढे धरले. "आत्ता नाही," मी म्हटलं. "परत येताना. तोवर तूच धर." तो देवीच्या मिरवणुकीत बायकोचे बूट पाठीमागे लपवून चालू लागला, बायका एकमेकींना कोपरं मारून हसू लागल्या, आणि मंगलाबाई, ज्यांनी हे सगळं पाहिलं, त्या पुढे बघत म्हणाल्या, "मन्हावर नाव येयेल व्हतं काल." त्याने मान खाली घातली. "आई," मी म्हटलं, "ती खाट अंगणमा काढा. गोधड्या वाळतीन तिन्हावर." त्या लंगडत माझ्या बाजूने चालत राहिल्या, त्यांचा खांदा माझ्या दंडाला लागत होता, आणि मला एकदम जाणवलं की ती, खाटेवरची, तीही चालते आहे. कधी उठली, कुठल्या वळणावर मिसळली कळलं नाही, तिचे पाय चिखलाने भरले होते.

गोमाई नदीचं पाणी दिसायला लागलं तशी बायकांनी गाणी सुरू केली. मीही म्हणू लागले. एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं: मला गाता येतंय. सहज. श्वास कुठेही अडत नाही. म्हणजे आम्ही फार हळू चाललो होतो.

मी वेग वाढवला. मंगलाबाई मागे पडल्या, हेमकांत मागे पडला, डफवाले बाजूला सरले, आणि मी पाट डोक्यावर घेतलेल्या बाईच्या बरोबरीला आले. मागून धनुबाईंची हाक आली, "अवं, देवीना पुढे नको जाऊ! देवीना पुढे कोनी जास का?"

"मंग देवीले सांगा काकी," मी न थांबता, न वळता, एका श्वासात म्हटलं, "जराशी जोरमा चाल म्हणा, आम्हले बाळंतपणले जानं शे!"

वाक्य पूर्ण झालं. कुठेही तुटलं नाही.